कोंडलेल्या उंटाची गोष्ट

हे पुस्तक एका डावाविषयी आहे. डाव अवघ्या तेवीस चालींचा. १५ जानेवारी २०१३ रोजी नेदरलँड्समधल्या वाइक आन झे या समुद्रकाठच्या गावात, टाटा स्टील स्पर्धेच्या चौथ्या फेरीत तो खेळला गेला. पांढरी मोहरी होती आर्मेनियाच्या लेव्हॉन आरोनियनकडे, काळी होती तेव्हाचा जगज्जेता विश्वनाथन आनंद याच्याकडे. तेविसाव्या चालीला आनंदने आपला एक उंट पांढऱ्या वजिराच्या आणि पांढऱ्या उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला. आरोनियनने तो खाल्ला नाही. डाव सोडला.

बुद्धिबळाची बहुतेक पुस्तके शेकडो डाव देतात. चालींपुढे उद्गारचिन्हे असतात, एकदोन पर्याय असतात आणि वाचक पान उलटून पुढच्या डावाकडे जातो. इथे तसे केलेले नाही. एकच डाव घेऊन तो कुठून आला, त्याची मुळे किती जुनी आहेत आणि शेवटची चाल पहिल्या पाचसहा चालींशी कशी बांधलेली आहे, हे सावकाश पाहायचे आहे. त्यासाठी या डावाइतका चांगला डाव मला दुसरा सुचला नाही. तो सुंदर आहे म्हणून तर खरेच, पण त्याहून अधिक, तो एका जुन्या वादात ठाम साक्ष देतो म्हणून.

वाद पाठांतराचा आहे. संगणक आल्यापासून बुद्धिबळात काही राहिले नाही, पहिल्या वीस चाली घरून घोकून आणायच्या आणि पटावर ओतायच्या, यात प्रतिभा कुठली, असे जुने खेळाडू म्हणतात. मुलांना बुद्धिबळाच्या क्लासला घालणारे पालकही तेच विचारतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकल्यानंतर आपल्याकडे या खेळाबद्दल घरोघरी बोलले जाऊ लागले, आणि त्या बोलण्यातही हा प्रश्न डोकावतोच. तक्रार अगदी पोकळ नाही. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, पाठ करून आलेला आणि पाठ केलेले संपताच गांगरलेला खेळाडू कोणत्याही शालेय स्पर्धेत दिसतो. पण पाठांतर एकीकडे आणि प्रतिभा दुसरीकडे अशी वाटणी या खेळात होत नाही. आनंदचा हा डाव तयारी करून आणलेला होता. त्याची मूळ कल्पना तर शंभर वर्षांहून जुनी होती. तरीही तो विलक्षण आहे. हे कसे, एवढेच या पुस्तकात सांगायचे आहे.

वाइक आन झे हे गाव बुद्धिबळाच्या नकाशावर आले ते पोलादामुळे. जवळच्या होखोव्हन्स पोलाद कारखान्याने १९३८ मध्ये बेव्हरवाइकला ही स्पर्धा सुरू केली. १९६८ मध्ये ती वाइक आन झेला आली. पुढे कंपनीचे नाव कोरस झाले, २००७ मध्ये टाटांनी कोरस विकत घेतली आणि २०११ पासून स्पर्धा टाटा स्टीलच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या उद्योगसमूहाचे नाव उत्तर समुद्राच्या काठावरच्या या स्पर्धेला असे लागले. जानेवारीतली बोचरी थंडी, वाटाण्याचे दाट सूप आणि एकाच सभागृहात जगज्जेत्यांच्या शेजारी खेळणारे शेकडो हौशी खेळाडू, ही तिथली जुनी रीत. २०१३ ची स्पर्धा पंचाहत्तरावी होती. ती जिंकली मॅग्नस कार्लसनने, तेरा फेऱ्यांत दहा गुण मिळवून. आनंद आठ गुणांवर राहिला. त्या वर्षीचा गुणतक्ता आज फारसा कुणाला आठवत नाही, चौथ्या फेरीतला हा डाव मात्र आठवतो.

आनंदसाठी तो काळ सोपा नव्हता. २००७ पासून जगज्जेतेपद त्याच्याकडे होते, पण २०१२ च्या मे महिन्यात मॉस्कोत बोरिस गेल्फंडविरुद्ध ते राखताना बारा डाव सहा-सहा असे बरोबरीत राहिले आणि निकाल जलद डावांच्या टायब्रेकरवर गेला. जगज्जेत्याचा खेळ थंडावला, तो बरोबरीवर समाधान मानू लागला, असे उघडपणे लिहिले जात होते. समोरचा आरोनियन तेव्हा २८०० गुणांकन ओलांडलेला, आधल्याच वर्षी ही स्पर्धा जिंकलेला, आक्रमणात कुणालाही न घाबरणारा खेळाडू. पांढऱ्या मोहऱ्यांनिशी तो जिंकण्याच्याच इराद्याने बसला होता.

पुढे जाण्यापूर्वी घरांच्या नावांविषयी थोडेसे. पटाच्या उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच आणि आडव्या रांगा पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. पांढरा राजा सुरुवातीला ई१ वर असतो, काळा ई८ वर. ज्यांना याची सवय नाही त्यांनी पट मांडून शेजारी ठेवावा. पुढची पाने पटाशिवाय वाचता येतील, पण पटासह वाचली तर त्यांची गोडी दुप्पट होईल.

डावाची सुरुवात क्वीन्स गॅम्बिटने झाली. पांढरा वजिरापुढचे प्यादे डी४ वर आणतो, काळा डी५ वर आणतो, आणि पांढरा सी४ वर दुसरे प्यादे आणून डी५ ला टोचतो. काळ्यापुढे लगेच प्रश्न उभा राहतो की डी५ च्या प्याद्याला आधार द्यायचा कशाने? ई६ वर प्यादे आणले तर आधार भक्कम होतो, पण सी८ वरच्या उंटाची वाट त्याच प्याद्याने बंद होते. सी६ वर प्यादे आणले तर उंटाची वाट मोकळी राहते, आणि या मार्गाला स्लाव्ह बचाव म्हणतात. क्वीन्स गॅम्बिटच्या सगळ्या इतिहासात काळ्या खेळाडूंची मोठी डोकेदुखी हा एकच उंट आहे. तो बाहेर कसा काढायचा यावर पिढ्यान् पिढ्या विचार झाला.

सेमी-स्लाव्ह हा मार्ग पहिल्या नजरेला वेडेपणाचा वाटतो, कारण त्यात काळा सी६ आणि ई६ अशी दोन्ही प्यादी लावतो. म्हणजे आपला उंट तो आपल्याच हाताने दोन्ही बाजूंनी कोंडतो. बी७ वर आणला तरी समोर सी६ आणि डी५ वर स्वतःचीच प्यादी. मग हे करायचे कशासाठी? वेळ साधण्यासाठी. पांढऱ्याने आपला एफ१ वरचा उंट डी३ वर आणून बसवला की मगच काळा डी५ च्या प्याद्याने सी४ चे प्यादे खातो. ते परत खाण्यासाठी पांढऱ्या उंटाला दुसऱ्यांदा हलावे लागते. तो सी४ वर येताच काळा बी५ वर प्यादे सरकवून त्याला हुसकावतो आणि उंट पुन्हा डी३ वर जातो. तीन चाली खर्चून तो जिथे होता तिथेच. दरम्यान बी७ चे प्यादे पुढे गेल्याने ते घर काळ्या उंटासाठी रिकामे झालेले असते. आता उंट बी७ वर येतो आणि योग्य वेळी सी६ चे प्यादे सी५ वर जाते. ज्या क्षणी ते जाते त्या क्षणी बी७ पासून थेट पांढऱ्या राजाच्या दारापर्यंत, जी२ पर्यंत, तिरकी वाट उघडते. कोंडवाडा मुद्दाम बांधलेला होता, आणि तो उघडण्याची वेळही आधीच ठरलेली होती.

या पद्धतीला मेरान म्हणतात. मेरान, म्हणजे मेरानो, हे आल्प्सच्या पायथ्याचे गाव पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियात होते, नंतर इटलीत गेले. १९२४ मध्ये तिथे झालेल्या स्पर्धेत व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्र्युनफेल्डविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी ही रचना यशस्वी झाली आणि गावाचे नाव तिला चिकटले. स्पर्धा पहिल्या क्रमांकाने जिंकली ग्र्युनफेल्डने, पण बुद्धिबळाच्या पुस्तकांत राहिली ती त्याच्याविरुद्ध खेळली गेलेली ओपनिंग. ती खेळणारा होता अकिबा रुबिन्स्टाइन. आनंदच्या डावाची खरी सुरुवात या माणसापाशी होते.

रुबिन्स्टाइनचा जन्म पोलंडमधल्या स्तावीस्की या लहानशा गावात, गरीब ज्यू कुटुंबात झाला. घरच्यांनी त्याला धर्मग्रंथांच्या अभ्यासाला घातले होते. बुद्धिबळ तो उशिरा, सोळाव्या वर्षाच्या आसपास शिकला. इतक्या उशिरा पट हाती घेऊन कुणी जगातल्या पहिल्या दोनतीन खेळाडूंत पोहोचतो हे आजच्या काळात कुणी खरेही मानणार नाही. गाव सोडून तो वूचला आला. वूच हे कापडगिरण्यांचे शहर, तेव्हा रशियन झारच्या राज्यात. १९१२ या एका वर्षात त्याने पाच मोठ्या स्पर्धांत पहिले स्थान मिळवले. इमान्युएल लास्करशी जगज्जेतेपदाची लढत ठरत आली होती, तेवढ्यात १९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि ती लढत कधीच झाली नाही. पुढे मनाच्या आजाराने त्याला ग्रासले. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्याने स्पर्धा सोडल्या, आणि १९६१ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला तो वारला. जगज्जेता न झालेल्या थोर खेळाडूंची यादी केली तर त्याचे नाव वरच्या ओळीत येते.

त्याच्या खेळाची ओळख म्हणजे सलगता. पहिल्या चालींत मांडलेली प्यादी शेवटच्या टप्प्यात काय करतील याचा हिशेब तो आधीच करत असे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपणाला घेतलेला अभंग उत्तररंगातल्या आख्यानातून उलगडत जातो, तसे त्याच्या डावात ओपनिंग आणि अखेर यांचे नाते होते. म्हणून त्याचे डाव नुसते पाहता येत नाहीत, मागे जाऊन पुन्हा वाचावे लागतात.

२६ डिसेंबर १९०७ रोजी वूचमध्ये त्याने गेऑर्ग रोटलेवी या अठरा वर्षांच्या खेळाडूविरुद्ध जो डाव खेळला तो ‘रुबिन्स्टाइनचा अमर डाव’ म्हणून ओळखला जातो. मेरान हे नाव तेव्हा जन्मालाही आलेले नव्हते. पण पट मांडून पाहिले तर तीच हाडे दिसतात. काळ्याने डी५ च्या प्याद्याने सी४ चे प्यादे खाल्ले, पांढऱ्या उंटाने तिथे परत खाल्ले, बी५ च्या प्याद्याने त्याला डी३ वर धाडले आणि काळा उंट बी७ वर आला. फरक इतकाच, की सी-प्यादे आधीच बदलले गेले होते, त्यामुळे उंटाच्या तिरक्या वाटेत स्वतःचे एकही प्यादे नव्हते. पांढरा उंट डी३, सी४, डी३ असा हिंडला, वजीरही दोन चालींत ई२ वर गेला, आणि तेवढ्यात काळ्याची सगळी मोहरी जागेवर आली. रोटलेवीने एफ४ वर प्यादे ढकलले आणि राजापुढची दुसरी तिरकी रेषा, ए७ ते जी१, उघडी पडू लागली. पुढे रुबिन्स्टाइनने घोडा जी४ वर आणि वजीर एच४ वर आणला. वजीर प्याद्याच्या तोंडी सोडून हत्तीने सी३ चा घोडा खाल्ला. वजीर गेल्यावर दुसरा हत्ती डी२ वर बळी म्हणून ठेवला. पंचविसाव्या चालीला हत्ती एच३ वर आला आणि रोटलेवीने डाव सोडला. दोन काळे उंट शेजारशेजारच्या तिरक्या रेषांवरून राजाच्या कोपऱ्यावर रोखलेले, आणि राजा एच१ वर अडकलेला. हे चित्र बुद्धिबळ शिकणाऱ्याने एकदा पाहिले की ते डोळ्यांपुढून जात नाही.

१९०७ चा हल्ला आणि १९२४ ची ओपनिंग एकाच माणसाच्या, एकाच विचाराच्या दोन खुणा आहेत, हे या पुस्तकाचे पहिले प्रतिपादन. रुबिन्स्टाइनने मेरानमध्ये नवे काही शोधले असे म्हणण्यापेक्षा, वूचच्या डावात जो उंट त्याला मोकळा मिळाला होता, तो मोकळा कसा करून घ्यायचा याची पद्धत त्याने सतरा वर्षांनी मांडली, असे म्हणणे मला योग्य वाटते.

आता आनंदकडे वळू. मेरानशी त्याचे नाते जुने. २००८ मध्ये बॉनला व्लादिमिर क्रामनिकविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तिसऱ्या आणि पाचव्या डावात त्याने काळ्या मोहऱ्यांनी मेरानच निवडली आणि दोन्ही डाव जिंकले. तिथेही त्याने उंट बी७ वर आणला होता. काळ्या मोहऱ्यांनी खेळून एकाच ओपनिंगमध्ये दोनदा जिंकणे आणि तेही क्रामनिकसारख्या भिंतीविरुद्ध, त्यावर ती लढत बरीचशी ठरली. वाइक आन झेच्या डावात वापरलेली कल्पनाही अशाच तयारीतून आली होती. गेल्फंडविरुद्धच्या लढतीसाठी आपल्या चमूबरोबर केलेला हा अभ्यास होता, असे आनंदने डावानंतर सांगितले. लढतीत तो वापरायची वेळ आली नाही. आठ महिन्यांनी आरोनियन त्या वाटेने आला.

डावातल्या प्रत्येक चालीवर पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत. इथे फक्त गोष्टीचा धागा सांगतो. दहाव्या चालीला काळा उंट बी७ वर आला. पांढऱ्याचा उंट डी३ वर, वजीर सी२ वर, दोघांचा रोख एच७ च्या प्याद्यावर. बाराव्या चालीला आरोनियनने एफ३ चा घोडा जी५ वर नेला आणि एच७ वरचा दाब वाढवला. सरळ विचार करणारा खेळाडू इथे एच७ सांभाळेल. आनंदने सी५ खेळले. कोंडवाड्याचे दार उघडण्याची हीच ती वेळ. आरोनियनचा घोडा एफ३ वरून निघून गेला होता, म्हणजे बी७ ते जी२ या वाटेवर आडवे यायला आता एकही मोहरे उरले नव्हते. शेवटचा अडथळा पांढऱ्याने स्वतःच दूर केला होता.

घोड्याने एच७ चे प्यादे खाल्ले आणि एफ८ च्या हत्तीवर मारा केला. आनंदने हत्तीकडे पाहिलेही नाही. त्याचा घोडा जी४ वर गेला आणि डी६ च्या उंटासह एच२ वर रोखला गेला. हत्ती खाण्याऐवजी आरोनियनला एफ४ वर प्यादे आणून डी६ ते एच२ ही तिरकी रेषा बंद करावी लागली. हीच रोटलेवीचीही चाल होती. एक तिरकी रेषा बंद करताना दुसरी, ए७ ते जी१, उघडते. काळ्याने डी४ वर प्यादी बदलून घेतली आणि उंट सी५ वर ठेवला, तोही पांढऱ्या प्याद्याच्या माऱ्यात. पांढऱ्याने डी३ चा उंट ई२ वर नेऊन जी४ च्या घोड्याला टोचले. तेव्हा सोळाव्या चालीला आनंदने डी७ चा घोडा ई५ वर आणला.

या चालीपाशी पुस्तकात सर्वांत जास्त पाने गेली आहेत. दोन घोडे, एक उंट आणि एक हत्ती, अशी चार काळी मोहरी एकाच वेळी पांढऱ्याच्या माऱ्यात उभी आहेत. तरी पांढऱ्याला काहीच सुखाने खाता येत नाही. डी४ चे प्यादे ई५ चा घोडा खाऊ शकत नाही, कारण ते हलले की सी५ च्या उंटाचा शह राजाला बसतो. एफ४ च्या प्याद्याने घोडा खाल्ला तर वजीर डी४ वर शह देतो, राजा एच१ वर पळतो, वजीर जी१ वर स्वतःचा बळी देतो, हत्तीला तो खावाच लागतो आणि एफ२ वर येऊन घोडा मात करतो. राजाच्या भोवती त्याचीच मोहरी, श्वास घ्यायलाही जागा नाही. शाळेतल्या मुलांना शिकवली जाणारी ही मात जगातल्या पहिल्या काही खेळाडूंमधल्या डावात अशी पडद्याआड उभी होती.

आरोनियनने जी४ चा घोडा खाल्ला. काळ्या उंटाने डी४ वर शह दिला, राजा एच१ वर गेला, दुसऱ्या घोड्याने जी४ वर परत खाल्ले. आता कुठे पांढऱ्याला एफ८ चा हत्ती मिळाला. आनंदने तरीही तो घोडा खाण्याची घाई केली नाही. एफ५ वर प्यादे आणून त्याने सी२ च्या वजिराची एच७ कडे जाणारी वाट बुजवली आणि आपला घोडा पक्का केला. पांढरा घोडा जी६ वर जाऊन एच४ हे घर राखू पाहत होता, तिथे काळ्या वजिराने त्याला गाठून खाल्ले. बाविसाव्या चालीला काळा वजीर एच५ वर आला. एच३ चे प्यादे त्याने राजापुढे जखडले, त्यामुळे जी४ चा घोडा अभय झाला. जी२ चे प्यादे तर बी७ च्या उंटाने आधीच जखडले होते. पांढऱ्याचा वजीर डी३ वर येऊन आडव्या रांगेतून एच३ ला आधार देऊ लागला, आणि तेविसाव्या चालीला डी४ चा उंट ई३ वर आला. ती आडवी रांग कापली गेली. उंटाने उंट खाल्ला तर वजीर एच३ वर शह देतो आणि पुढच्याच चालीत जी२ वर मात करतो. वजिराने खाल्ला तर वजीर जातो. शेवटच्या स्थितीत मोहऱ्यांचा हिशेब केला तर काळा मागेच आहे. पांढऱ्याकडे दोन हत्ती, त्याच्याकडे एकच. पण पांढऱ्याचा ए१ चा हत्ती आणि सी१ चा उंट डावभर जागचे हललेले नाहीत.

दोन्ही बाजूंच्या एकेका उंटाची तुलना करून पाहा. दोघेही पांढऱ्या घरांवर चालणारे. आरोनियनचा उंट डी३, सी४, डी३, ई२ आणि जी४ अशा पाच चाली खेळला आणि मेला. आनंदचा उंट एकच चाल खेळला, सी८ वरून बी७ वर, आणि पुन्हा हलला नाही. शेवटची मात मात्र त्याच्याच जोरावर आहे. जी२ चे प्यादे त्याने जखडले नसते तर ई३ च्या चालीला काही अर्थ उरला नसता. सेमी-स्लाव्ह खेळणारा ज्या उंटासाठी टीका सहन करतो तो हाच.

डावानंतर आनंदनेच रुबिन्स्टाइनच्या त्या जुन्या डावाची आठवण काढली. दोन्ही डाव शेजारी मांडले की साम्य डोळ्यांत भरते. राजा एच१ वर, एफ-प्यादे एफ४ वर, काळा घोडा जी४ वर, वजीर एच-रांगेत, दोन उंट शेजारच्या तिरक्या रेषांवर. पण साम्यावर थांबणे आळशीपणाचे होईल. रुबिन्स्टाइनने वजीर देऊन पांढऱ्याच्या मोहऱ्यांना त्यांच्या जागेवरून ओढून काढले. आनंदने वजीर दिला नाही. त्याने प्यादे, हत्ती आणि वेळ दिला, आणि शेवटी ओढण्याऐवजी अडवले, ई३ वर उंट मधे घालून. साधन वेगळे, आराखडा तोच. रुबिन्स्टाइनपुढे आधीचा नमुना नव्हता. आनंदपुढे तो होता. पण आरोनियनलाही तो डाव तोंडपाठ असणारच, त्याच्याकडेही संगणक होताच, आणि तरी तो त्यात सापडला. ज्ञात आराखडा अनोळखी वेशात येतो तेव्हा तो ओळखणे हे वेगळे काम आहे.

तेव्हा तयारी होती म्हणून या डावाचे मोल कमी, हे म्हणणे मला पटत नाही. संगणक चांगली चाल दाखवतो, पण कोणत्या स्थितीत शोधत राहायचे हे माणूसच ठरवतो. हत्ती आणि प्यादे टांगणीला ठेवून सी५ आणि जी४ कडे वळावे असे ज्याला सुचते, त्याच्या मनात वूचचा डाव कुठेतरी रुजलेला असतो. पाठांतर त्याला चाली देत नाही, विश्वास देते. इतकी मोहरी माऱ्यात ठेवूनही पट आपल्या बाजूचा आहे, हा विश्वास.

वाचकांना दोन विनंत्या. हा डाव प्रथम काळ्या बाजूने बसून, एकेक चाल झाकून, स्वतः शोधत खेळावा. संगणकाचे इंजिन मात्र सुरुवातीला बंद ठेवावे. बाराव्या आणि सोळाव्या चालीला थांबून निदान पंधरा मिनिटे विचार करावा. चाल सापडली नाही तरी चालेल, आपण ती का नाकारली हे लिहून ठेवावे. आणि दुसरी विनंती, १९०७ च्या डावाचा धागा वर सांगितला असला, तरी तो चालींनिशी आधी वाचू नये. तो पुस्तकाच्या शेवटी मुद्दाम ठेवला आहे. आनंदच्या डावानंतर तो वाचला म्हणजे आपण मागे जाऊन ओळखतो, आणि ओळखण्याचा तो आनंद आधी वाचून घालवू नये.

मेरान आपण स्वतः खेळावी का, असे बरेच जण विचारतील. ती अवघड आहे. पांढऱ्याकडेही धारदार उत्तरे आहेत, आणि अर्धवट पाठ करून खेळलात तर राजा पटाच्या मध्यभागी मरतो. क्लबमधल्या खेळाडूने ती घाईने घेऊ नये असेच मी म्हणेन. पण ज्या प्रश्नावर ती उभी आहे तो कोणत्याही ओपनिंगला लागू पडतो. नव्या चाली पाठ करायला घ्याल तेव्हा आधी एवढे विचारा, की या रचनेत माझे कोणते मोहरे कोंडले जाणार आहे आणि कोणत्या चालीने त्याची सुटका होणार आहे? ज्याला याचे उत्तर देता येते त्याला चाली विसरल्या तरी पटावर पुन्हा शोधता येतात. ज्याला देता येत नाही, त्याच्या वीस चाली पाठ असल्या तरी एकविसाव्या चालीला तो एकटाच असतो.